धानाच्या बांधीत हिरवळीचे खत : शेतकऱ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या धानपट्ट्यात मे महिना अर्धा सरला की हिरवळीच्या खताची चौकशी सुरू होते. धैंचा (गाडण्यासाठी घ्यायचे द्विदल पीक) पेरू का, केव्हा पेरू, गाडल्यावर युरिया बंद करता येईल का, असेच प्रश्न दर हंगामात येतात. खालची उत्तरे रोवणीचा धान, म्हणजे रोपे तयार करून बांधीत (बांध घातलेल्या शेतात) लावलेला धान, डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहेत. ज्वारी, गहू आणि मक्याविषयी पुढे वेगळे सांगितले आहे. एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. "धैंचा गाडला, पण काही फरक पडला नाही" असे सांगणाऱ्यांच्या शेतात बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट घडलेली असते. एकतर धैंचा गाडायला उशीर झालेला असतो, नाहीतर गाडूनही युरिया पूर्वीइतकाच टाकलेला असतो.

हिरवळीचे खत म्हणजे नेमके काय? शेणखत असताना त्याची गरज काय?

हिरवे, कोवळे पीक फुलावर येण्याच्या सुमारास जमिनीत गाडायचे आणि तिथेच कुजू द्यायचे, हे हिरवळीचे खत. ते दोन प्रकारे करता येते. धैंचा किंवा ताग त्याच बांधीत पेरून तिथेच गाडायचा, किंवा धुऱ्यावरच्या (शेताच्या बांधावरच्या) गिरिपुष्पासारख्या झाडांचा पाला तोडून आणून बांधीत मिसळायचा.

शेणखत चांगलेच आहे, त्याला पर्याय शोधा असे कोणी म्हणत नाही. पण एकरी चार टन शेणखत टाकायची शिफारस पाळता येईल इतकी गुरे आता किती घरी उरली आहेत? उकिरड्यातले खत घराजवळच्या दोन बांध्यांना पुरते आणि लांबच्या बांध्या वर्षानुवर्षे खताविना राहतात. तिथे बैलगाडीने खत वाहून नेण्यापेक्षा वीस किलो बी घेऊन जाणे सोपे पडते.

द्विदल पीकच का? कोणतेही गवत-तण गाडले तर चालणार नाही का?

तण गाडल्याने सेंद्रिय पदार्थ मिळतो, पण त्यातले नत्र त्याच जमिनीतून उचललेले असते. द्विदल पिकांच्या मुळांवरच्या गाठींत रायझोबियम जिवाणू राहतात आणि ते हवेतले नत्र पिकाला वापरता येईल अशा रूपात आणतात. जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोन शास्त्रज्ञांनी १८८६ ते १८८८ या काळात हे सिद्ध केले. द्विदल पिकानंतर धान्य चांगले येते हा अनुभव शेतकऱ्यांना त्याच्या कितीतरी आधीपासून होता.

गाठी काम करत आहेत की नाही हे स्वतः पाहता येते. पेरणीनंतर पंचवीस-तीस दिवसांनी चार-पाच झाडे कुदळीने मातीसकट उचला. उपटू नका, उपटताना गाठी जमिनीत तुटून राहतात. मुळे पाण्यात हळूच धुवा आणि जाडसर गाठ नखाने फोडा. आत गुलाबी किंवा लालसर रंग दिसला तर ती गाठ नत्र बांधते आहे. हा रंग लेगहिमोग्लोबिनचा, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीचा. आत पांढरट किंवा हिरवट असेल तर ती गाठ निकामी आहे. सगळ्याच गाठी अशा निघाल्या, तर ते पीक हवेतून फारसे काही आणत नाही आणि युरिया कमी करण्याचा हिशोब सावधपणे करावा लागेल.

धैंचा, ताग, चवळी यांपैकी काय पेरावे?

धानाच्या बांधीसाठी धैंचा. आपल्याकडे काही जण त्याला ढेंचा म्हणतात. त्याचे मोठे बलस्थान म्हणजे थोडा मोठा झाला की तो साचलेले पाणी सहन करतो. मृगाचा पाऊस जोरात आला आणि बांधी भरली तरी महिन्याभराचा धैंचा उभा राहतो. मात्र आठ-दहा दिवसांचे रोप पूर्ण बुडाले तर मरते, म्हणून पेरल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस पाणी काढून देण्याची वाट मोकळी ठेवा. चोपण, म्हणजे क्षारांनी बिघडलेल्या जमिनीतही धैंचा टिकतो. सांगली-कोल्हापूरकडे उसाखाली क्षारपड झालेल्या जमिनी सुधारताना जिप्समबरोबर धैंचा घेतात तो याच गुणामुळे.

ताग, ज्याला बऱ्याच ठिकाणी बोरू म्हणतात, वाढीला धैंच्यापेक्षाही चपळ आहे आणि मुळांवर रोगट गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना आळा घालतो. पण त्याला साचलेले पाणी अजिबात चालत नाही. म्हणून तो उतारावरच्या, निचऱ्याच्या बांधीत किंवा ज्वारी, गहू, मक्याच्या शेतात पेरावा. चवळी आणि मूग यांचा पाला कमी निघतो, पण शेंगा तोडून उरलेले गाडता येते, हा त्यांचा वेगळा फायदा.

पेरणी केव्हा करावी? पाऊसच नसतो तेव्हा धैंचा उगवणार कसा?

खरी अडचण इथेच आहे. पिशवीवर "४५ दिवसांनी गाडा" लिहिलेले असते, आणि आपला पाऊस जूनच्या मध्याला येतो. ज्यांच्याकडे विहीर, बोअर किंवा मामा (माजी मालगुजारी) तलावात उरलेले पाणी आहे, त्यांनी रोहिणीत, म्हणजे २५ मेच्या आसपास पेरावे. एक पाणी पेरणीला, दुसरे गरजेप्रमाणे. पुनर्वसू सरता सरता पन्नासेक दिवसांचे पीक हातात येते आणि रोवणीही त्याच सुमारास असते. गणित अगदी बरोबर जुळते.

ज्यांचे सगळे पावसावर आहे त्यांनी बांधी आधी नांगरून ठेवावी आणि मृगाच्या पहिल्या चांगल्या पावसावर, पऱ्हे (रोवणीची रोपे) टाकायच्या दिवसांतच, धैंचा फेकावा. पऱ्हे पंचवीस दिवसांत रोवणीला येतात आणि धैंचा मात्र तेव्हा महिन्याचा होत असतो. म्हणून एक सोपा मार्ग सुचवतो. प्रत्येक शेतकऱ्याच्या अशा एक-दोन बांध्या असतात जिथे रोवणी दरवर्षी सगळ्यात शेवटी पोचते. मजूर मिळत नाहीत, ट्रॅक्टर दुसऱ्याकडे गेलेला असतो, काहीही कारण असो. धैंचा त्या बांधीत पेरा. तिथे त्याला आणखी दहा-बारा दिवस आपोआप मिळतात. पस्तीस दिवसांचा धैंचाही गाडण्याजोगा असतो. पाला कमी निघेल, पण तो इतका कोवळा असतो की आठवड्यात विरघळून जातो.

एक गोष्ट करू नका. धैंचा मोठा व्हावा म्हणून भारी (उशिरा पिकणाऱ्या) धानाची रोवणी ऑगस्टवर ढकलू नका. उशिरा रोवलेल्या भारी धानाचे नुकसान धैंचा भरून देत नाही.

बियाणे किती लागते?

धैंचा किंवा ताग, दोन्हींचे एकरी २० ते २५ किलो. कमी बी टाकले तर झाडे लांब लांब राहतात, खोड जाड होते आणि गाडताना त्रास होतो. दाट पेरले की खोडे बारीक, रसाळ राहतात आणि तणही दबते. धैंच्याचे बी टणक असते, रात्रभर पाण्यात भिजवून सकाळी सावलीत सुकवून पेरले तर उगवण एकसारखी होते. ज्या बांधीत धैंचा पहिल्यांदाच पेरत आहात तिथे दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅम रायझोबियम चोळा. संवर्धक घेताना ते कोणत्या पिकासाठी आहे हे पाकिटावर वाचून घ्या. सोयाबीनचे रायझोबियम धैंच्यावर चालत नाही.

धैंच्याला खत द्यायचे का? खतालाच खत?

युरिया अजिबात नाही. जमिनीत तयार नत्र मिळाले की पीक गाठी धरायचे काम सोडून देते. स्फुरद मात्र जरूर द्या. गाठींना स्फुरद लागते आणि ते हवेतून मिळत नाही. धानाला द्यायच्या सिंगल सुपर फॉस्फेटचा मोठा हिस्सा धैंचा पेरतानाच दिला तरी चालतो. धैंचा ते उचलतो आणि कुजल्यावर तेच स्फुरद धानाला परत मिळते. वेगळा खर्च नाही, फक्त खत टाकायची वेळ बदलते.

गाडायचा नेमका कधी?

पेरणीपासून ४५ ते ५० दिवसांत, फुले लागण्याच्या आधी किंवा पहिली फुले दिसता दिसता. त्याहून उशीर करू नका.

कारण समजून घ्या. कोवळ्या झाडात नत्राच्या प्रमाणात कर्ब कमी असतो, साधारण एकास पंधरा ते वीस. अशा पाल्यावर जिवाणू तुटून पडतात आणि त्यांची गरज भागून उरलेले नत्र धानाला मिळते. झाड जून झाले की खोडात लाकूड धरते आणि कर्बाचे प्रमाण वाढत जाते. मग तेच जिवाणू खोड कुजवण्यासाठी जमिनीतले नत्र स्वतःच उचलतात. रोवणीनंतर धान पिवळा पडतो आणि शेतकरी म्हणतो की धैंच्याने जमीन खाल्ली. धैंचा तोच असतो, दोष उशिरा गाडण्यात असतो.

दिवस मोजलेले नसतील तर हाताने ओळखा. जमिनीपासून वीतभर वर खोड वाकवा. ते कच्च् आवाज करून ओले मोडले तर गाडा. वाकून परत सरळ झाले किंवा साल दोरीसारखी सोलून निघाली, तर उशीर झाला आहे. अशा वेळी वरचा कोवळा भाग विळ्याने कापून बांधीत पसरा आणि बुडखे सरपणाला न्या. पूर्ण लाकूड गाडण्यापेक्षा ते बरे.

गाडायचा कसा? ट्रॅक्टर नसेल तर?

बांधीत तीन-चार इंच पाणी बांधा. बैलांनी फळी फिरवून पीक एकाच दिशेने आडवे पाडा आणि त्याच दिशेने नांगर चालवा. उलट दिशेने गेलात तर झाडे नांगराला गुंडाळतात आणि बैलांचे हाल होतात. ट्रॅक्टरला रोटाव्हेटर असेल तर दोन फेऱ्यांत काम होते. खूप खोल गाडू नये, चार ते सहा इंच पुरे. वर तरंगणाऱ्या फांद्या पायाने चिखलात दाबून घ्याव्यात.

गाडल्यावर किती दिवसांनी रोवणी करावी?

पन्नास दिवसांच्या आतले कोवळे पीक असेल तर सात ते दहा दिवस थांबा. पस्तीस दिवसांचे असेल तर चार-पाच दिवसही पुरतात. पहिल्या काही दिवसांत चिखलात आम्ले आणि वायू तयार होतात, बुडबुडे येतात, सडक्या अंड्यासारखा वास येतो. त्या चिखलात पऱ्हे लावले तर मुळे काळी पडतात. बांधीत पाय रोवून पाहा. बुडबुड्यांचा जोर ओसरला आणि वास कमी झाला की रोवणीला हरकत नाही. मधल्या काळात पाणी पूर्ण आटू देऊ नका. बांधी कोरडी होऊन पुन्हा भरली की तयार झालेले नत्र वायू होऊन उडून जाते.

एका एकराच्या धैंच्यातून नत्र किती मिळते आणि युरिया किती कमी करायचा?

अंदाजावर जाऊ नका, वजन करा. गाडायच्या दिवशी चार बांबू लावून एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद चौकोन आखा, त्यातली सगळी झाडे जमिनीलगत कापा आणि तराजूवर ठेवा. बांधीत अशा तीन जागा घ्या आणि सरासरी काढा. एका चौकोनात दीड किलो आले तर एकरी सहा टन हिरवा पाला आहे, कारण एकर म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटर.

आता पुढचा हिशोब. सहा टनांत पाणी साधारण ८० टक्के, म्हणजे सुका माल १,२०० किलो. त्यात नत्र अडीच ते तीन टक्के धरले तर ३० ते ३६ किलो होते. हे सगळे पहिल्याच हंगामात धानाला मिळत नाही. अर्धे किंवा त्याहून थोडे कमी मिळते, बाकी जमिनीतल्या सेंद्रिय पदार्थात राहते. म्हणून हिशोबात १५ ते १८ किलो धरा. युरियाच्या ४५ किलोच्या गोणीत २०.७ किलो नत्र असते. थोडक्यात, चांगला जमलेला धैंचा एकरी साधारण एका गोणीचे काम करतो.

धानाला हेक्टरी १०० किलो नत्राची शिफारस धरली तर एकरी ४० किलो, म्हणजे जवळपास दोन गोण्या युरिया. धैंचा चांगला आला असेल तर त्यातली एक कमी करा. कोणती कमी करायची हेही महत्त्वाचे आहे. रोवणीच्या वेळची मात्रा कमी करा, कारण धैंच्याचे नत्र गाडल्यापासून दोन ते चार आठवड्यांत सर्वांत जास्त सुटते आणि तोच फुटव्यांचा काळ असतो. लोंबी तयार होऊ लागते त्या वेळची शेवटची मात्रा मात्र ठेवा. तोपर्यंत धैंच्याचा जोर ओसरलेला असतो.

वजन एक किलोच्या आत आले, तर गोणीभर कपात करू नका, अर्धी करा.

धैंचा गाडून युरियाही पूर्ण टाकला तर उत्पादन दुप्पट वाढेल ना?

नाही. धान गर्द हिरवा, उंच आणि मऊ होतो. मग तुडतुडे येतात, करपा येतो आणि लोंबीत दाणा भरायच्या दिवसांत वारा आला की धान लोळतो. आपल्या भागात तुडतुड्यांनी धान जाळल्याची जी शेते दिसतात, त्यांत नत्राचा अतिरेक हे एक ठरलेले कारण असते.

मग उत्पादनात नेमका किती फरक पडतो?

हे तुमची बांधी आज कशी आहे यावर ठरते. जिथे वर्षानुवर्षे शेणखत पोचलेले नाही, युरियाही कमीच पडतो, तिथे पहिल्याच वर्षी फरक डोळ्यांना दिसतो. एक क्विंटल धान पिकताना दाणा आणि तणीस (पेंढा) मिळून साधारण दीड ते दोन किलो नत्र उचलले जाते, यावरून वाढीची मर्यादाही लक्षात येईल. जिथे शिफारशीची सगळी खते आधीच वेळेवर पडत आहेत, तिथे उत्पादन तेवढेच राहून युरियाचा खर्च कमी होईल. तिथला खरा लाभ हळूहळू दिसतो. चिखलणीनंतर वाळताना दगडासारखी होणारी जमीन मऊ राहते आणि त्यामुळे धानानंतरचा हरभरा चांगला उगवतो.

एका बांधीत धैंचा घ्या आणि शेजारच्या, तशाच जमिनीच्या बांधीत घेऊ नका. दोन्हींत वाण तोच, रोवणी त्याच आठवड्यात. मळणीच्या वेळी दोन्हींचे धान वेगळे मोजा. तुमच्या मातीचे उत्तर तुम्हाला याहून खात्रीचे कुठेच मिळणार नाही.

बियाणे महाग पडते. युरियाची गोणी पावणेतीनशे रुपयांच्या आत मिळते. मग हा खटाटोप परवडतो का?

प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोडगोड देण्यात अर्थ नाही. फक्त नत्राचा हिशोब केला तर विकतचे २० किलो बी, नांगरणी आणि गाडणी हा खर्च अनुदानित युरियाच्या एका गोणीच्या कितीतरी पट होतो. नत्रासाठी म्हणून विकतच्या बियाण्याचा धैंचा परवडत नाही.

तो दोन परिस्थितींत परवडतो. जमीन थकलेली असेल, सेंद्रिय कर्ब खाली गेला असेल आणि शेणखत मिळतच नसेल, तर शेणखताच्या ट्रॉलीशी तुलना करा, युरियाशी नको. ट्रॉलीचे भाडे आणि खताची किंमत एकत्र केली की धैंचा स्वस्त दिसू लागतो. दुसरे म्हणजे बी घरचे असेल तर. घरचे बी कसे करायचे ते शेवटच्या प्रश्नात आहे. अनुदानावर बियाणे मिळत असेल तर मे महिन्याच्या आधीच चौकशी करून ठेवा, पाऊस पडल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

धैंच्यासाठी ना पाणी आहे ना वेळ. दुसरा काही उपाय?

आहे, आणि लहान शेतकऱ्याला मी धैंच्याच्या आधी हाच सुचवतो. धुऱ्यावर गिरिपुष्प लावा. कोकणात याला उंदीरमारी म्हणतात. पावसाळ्याच्या तोंडावर अंगठ्याएवढ्या जाडीच्या, तीन-चार फुटी काड्या धुऱ्यावर मीटरभर अंतराने रोवायच्या. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून पाला मिळू लागतो आणि मग झाड वर्षानुवर्षे पाला देत राहते. गुरे ते सहसा खात नाहीत, त्यामुळे उन्हाळ्यात मोकाट सुटलेल्या जनावरांपासून राखण करावी लागत नाही.

डॉ. नारायण सावंत यांनी मांडलेल्या चारसूत्री भात पद्धतीत गिरिपुष्पाचा पाला हे एक सूत्रच आहे. बाकीची तीन म्हणजे तुसाची राख वा तणीस वापरून जमिनीला सिलिका परत देणे, जोडओळींत ठराविक अंतरावर रोवणी, आणि चार चुडांच्या (एकत्र लावलेल्या रोपांच्या झुबक्यांच्या) मधोमध युरिया-डीएपीची गोळी खोल खोचणे. पाल्याचे प्रमाण गुंठ्याला ३० किलो, म्हणजे एकरी १,२०० किलो. चिखलणीच्या आठवडाभर आधी फांद्या छाटून बांधीत पसरायच्या. तीन-चार दिवसांत पाने गळून पडतात, मग काड्या उचलून घ्यायच्या आणि चिखलणी करायची.

इतका पाला येईल का? एक एकराच्या चौकोनी बांधीचा घेर सुमारे २५० मीटर असतो. मीटरला एक झाड धरले तर अडीचशे झाडे. प्रत्येकाने पाच किलो दिले तरी पुरेसे होते. सावली पिकावर पडू नये म्हणून छाटणी न चुकता करावी.

आवत्या (रोवणी न करता थेट पेरलेल्या) धानात धैंचा घेता येतो का?

येतो. धानाबरोबरच एकरी आठ-दहा किलो धैंचा फेकायचा, तो तण दाबतो आणि २५ ते ३० दिवसांनी त्याला मारायचे. पंजाब-हरियाणाकडे यासाठी टू-फोर-डी हे तणनाशक फवारतात. धान वाचतो, धैंचा जागीच तपकिरी होऊन गळून पडतो. पण आपल्याकडे धुऱ्यावर तूर असते. टू-फोर-डीचा नुसता उडता तुषारही तुरीचे आणि शेजारच्या कपाशीचे वाटोळे करतो. धुऱ्यावर तूर असेल तर फवारणी करू नका. ओळीत पेरलेले असेल तर कोनोवीडर (ओळींमधले तण दाबणारे हातयंत्र) चालवून किंवा हाताने उपटून धैंचा तिथेच दाबून टाका.

आम्ही धानानंतर उतेरा (कापणीआधी उभ्या धानात बी फेकून घ्यायचे पीक) म्हणून लाखोळी घेतो. ते हिरवळीचे खतच झाले ना?

पूर्णपणे नाही. लाखोळी असो, हरभरा असो, की कोकणातला कडवा वाल, दाणा पिकवून घरी नेला की पिकाने जमवलेले बरेचसे नत्र दाण्याबरोबर घरी जाते. मुळे आणि गळलेला पाला तेवढा जमिनीत राहतो. तरी पडीक जमिनीपेक्षा हे नक्कीच चांगले, आणि दाण्याचे पैसेही होतात. पुढच्या धानाचा युरिया मात्र या भरवशावर अर्ध्यावर आणू नका.

उन्हाळी मुगाचे थोडे वेगळे आहे. पाणी असेल तर साठ-पासष्ट दिवसांत शेंगांची तोडणी होते आणि हिरवा पालापाचोळा गाडता येतो. खिसा आणि जमीन दोन्ही सांभाळणारा हा मार्ग आहे.

ज्वारी, गहू आणि मक्यासाठी काय करावे?

गव्हाआधी खरिपात जमीन मोकळी असेल आणि रब्बीत पाणी असेल, तर ताग उत्तम. जूनअखेर पेरा, ऑगस्टमध्ये गाडा. कोरडवाहू जमिनीत कुजायला ओल लागते, म्हणून गाडल्यावर किमान तीन आठवडे सोडा आणि पाऊस संपायच्या आत गाडा.

सोलापूर, अहिल्यानगरकडच्या रब्बी ज्वारीला मी हा सल्ला देणार नाही. तिथे पीक साठलेल्या ओलीवर येते आणि खरिपातला ताग तीच ओल पिऊन टाकतो. पाऊस अपुरा झाला तर ज्वारीच हातची जाते. तिथल्या शेतकऱ्यांची खरिपात मूग घेऊन मागे ज्वारी पेरायची जुनी रीतच जास्त शहाणपणाची आहे.

मक्याच्या दोन ओळींमध्ये ताग पेरून पस्तीसेक दिवसांत तो उपटून ओळीतच आच्छादन करता येते. त्याहून जास्त दिवस ठेवला तर तो मक्याच्या वर जातो.

खोडावर गाठी येणारा धैंचा असतो म्हणतात, तो काय प्रकार आहे?

तो सेस्बेनिया रोस्ट्राटा, मूळचा पश्चिम आफ्रिकेचा. मुळांबरोबर खोडावरही गाठी येत असल्याने बांधी पाण्याने भरली तरी त्याचे नत्र बांधायचे काम चालू राहते. पाणी सतत उभे राहणाऱ्या खोलगट बांध्यांना तो चांगला, पण बियाणे सहज मिळत नाही. साध्या धैंच्याचे तंत्र आधी नीट बसवा.

हिरवळीच्या खताने धानाच्या शेतातून मिथेन वाढतो, हे खरे का?

खरे आहे. पाण्याखाली ताजा पाला कुजला की मिथेन वाढतो. फुटवे आल्यानंतर बांधी एक-दोनदा पाणी काढून हलकी सुकवली की तो बराच कमी होतो आणि धानाची मुळेही घट्ट होतात. ज्यांच्या हातात पाणी आहे त्यांनी हे जरूर करावे.

दरवर्षी विकत घ्यायला नको म्हणून धैंच्याचे बी घरी कसे तयार करावे?

दिवस लहान होऊ लागले की धैंचा फुलतो, त्यामुळे गाडायच्या पिकातून बी मिळत नाही. वेगळी झाडे राखावी लागतात. जूनमध्ये पडीक कोपऱ्यात, पाटाच्या कडेला किंवा रुंद धुऱ्यावर दोन ओळी टोकून लावा, झाडाझाडांत हातभर अंतर ठेवा. झाडे माणसाच्या वर जातात, म्हणून धानावर सावली पडणार नाही अशी उत्तरेची बाजू धरा. पानांवर केसाळ अळ्या दिसल्या तर सकाळी फांद्या हलवून त्या खाली पाडून नष्ट करा.

नोव्हेंबर-डिसेंबरात शेंगा तपकिरी होतात. सगळ्या वाळेपर्यंत थांबू नका, तडकून बी सांडते आणि पुढच्या धानात ते तण होऊन उगवते. तीन चतुर्थांश शेंगा वाळल्या की झाडे कापून ताडपत्रीवर वाळवा आणि काठीने झोडपा. बी चांगले सुकवून कडुनिंबाचा पाला घालून कोरड्या डब्यात ठेवा. मे महिन्यात शंभर दाणे ओल्या पोत्यात गुंडाळून उगवण तपासा. सत्तरपेक्षा कमी उगवले तर पेरताना बी त्या प्रमाणात वाढवा.